आत दुमडलेली माया

शिवणकाम जाणणाऱ्यांना 'माया' म्हणजे काय ते सांगायला नको. ब्लाउज शिवताना टिपेच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, ती माया. अंग भरलं की टीप उसवायची, माया सोडायची, आणि तोच ब्लाउज पुन्हा बसतो. माझ्या मावशीने दीड वर्षात २८ किलो वजन उतरवलं, तेव्हा ती बारा ब्लाउज पिशवीत भरून साताऱ्यातल्या तिच्या नेहमीच्या टेलरकडे गेली. मी सोबत होते. त्यांनी कुशीला आणि बाह्यांना खडूने खुणा केल्या आणि विचारलं, "ताई, आतली माया कापू का? एवढी ठेवली तर टोचेल." मावशी म्हणाली, "कापा. आता काही लागत नाही ती."

पुढच्या तीन वर्षांत १७ किलो परत आले. घरातल्या प्रत्येक लग्नाकार्यात कुणी ना कुणी तिला ऐकवलं, "टिकवता नाही आलं ना शेवटी?" ज्या बाईने दीड वर्ष भात मोजून खाल्ला, रोज पहाटे उठून चालली, तिची जिद्द तीन वर्षांत अशी कुठे गेली असेल, हे मला पटेना. म्हणून मी यामागचं शास्त्र वाचायला घेतलं. वाचलं ते मावशीला आधी सांगितलं, आता इथे लिहिते.

उतरलेलं वजन जातं कुठे, इथून सुरुवात करू. घामावाटे जातं असं बरेच जण समजतात. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी २०१४ मध्ये याचा हिशोब मांडला. शरीराने १० किलो चरबी पूर्ण जाळली, तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे मावशीच्या चरबीतला मोठा वाटा अजिंक्यताऱ्याच्या चढावर धापा टाकताना, आणि बाकी वेळी घरात बसल्या-झोपल्याही, हवेत मिसळून गेला.

चरबी गेली, पण ती जिथे साठवलेली होती त्या पेशी जागेवरच राहिल्या. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी हे २००८ मध्ये दाखवलं, आणि त्यांची युक्ती विलक्षण होती. शीतयुद्धाच्या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार खूप वाढला, आणि चाचण्या थांबल्यावर वर्षागणिक कमी होत गेला. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेचा शिक्का तिच्या डीएनएवर बसतो, त्यामुळे तिचं वय काढता येतं. त्यातून कळलं की आपल्या चरबीपेशींची संख्या पौगंडावस्थेपर्यंत जवळपास ठरून जाते. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. पोटाची शस्त्रक्रिया करून भरपूर वजन उतरवलेल्या लोकांतही दोन वर्षांनी पेशी होत्या तेवढ्याच होत्या, फक्त आकसलेल्या होत्या. टेलरने कापड कापलं, पण शरीराने आपली माया आत जपून ठेवली होती.

२०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाने आणखी पुढचं दाखवलं. वजन उतरल्यावरही चरबीपेशींच्या जनुकांवर लठ्ठपणाच्या काळात पडलेल्या काही रासायनिक खुणा तशाच राहतात. अशा खुणा असलेल्या उंदरांना पुन्हा तेलकट खाणं दिलं, तेव्हा त्यांचं वजन इतर उंदरांपेक्षा भराभर वाढलं.

आता शरीराच्या खर्चाकडे वळते. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाची दूरचित्रवाणीवरची स्पर्धा होती. अतिलठ्ठ माणसांनी काही महिने प्रचंड व्यायाम आणि अगदी तुटपुंजा आहार करून वजन उतरवायचं, सगळ्यात जास्त उतरवेल तो विजेता. २००९ च्या पर्वातला विजेता डॅनी केहिल सात महिन्यांत सुमारे १९५ किलोवरून ८७ किलोवर आला. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केविन हॉल यांनी त्या पर्वातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा बोलावलं आणि तपासलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. स्पर्धेत त्यांचं वजन सरासरी ५८ किलोने उतरलं होतं, त्यातलं ४१ किलो परत आलं होतं. केहिल यांचंही ४५ किलोहून जास्त वाढलं होतं.

पण माझी नजर दुसऱ्या आकड्यांवर अडकली. माणूस नुसता पडून असला तरी हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायला ऊर्जा लागते. या स्पर्धकांचा हा विश्रांतीतला खर्च सुरुवातीला दिवसाला सरासरी २,६०० कॅलरी होता, स्पर्धा संपली तेव्हा २,००० च्या आसपास आला. शरीर लहान झालं की खर्च घटणारच. सहा वर्षांनी वजन परत वाढलं होतं, तेव्हा खर्चही वाढायला हवा होता. तो निघाला १,९०० कॅलरी. त्यांच्या वयाच्या आणि वजनाच्या माणसाचा जेवढा असायला हवा त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी. ५०० कॅलरी म्हणजे चार मोठे चमचे तेल, किंवा चार-पाच पोळ्या. शेजारी बसलेला तेवढ्याच वजनाचा माणूस जे खाऊन तेवढाच राहतो, तेच खाऊन हा माणूस जाड होतो.

सगळ्यांच्या बाबतीत तफावत एवढी मोठी नसते. ही स्पर्धाच टोकाची होती. पण दिशा तीच असते, हे न्यूयॉर्कच्या रुडॉल्फ लीबेल आणि मायकेल रोझेनबॉम यांनी १९९५ मध्येच मोजून दाखवलं होतं. वजन दहा टक्के उतरलं की स्नायूसुद्धा काटकसर शिकतात, तेवढंच चालायला कमी ऊर्जा वापरतात. यामागे मोठा हात लेप्टिन या संप्रेरकाचा असतो. ते चरबीपेशींतून स्रवतं. पेशी आकसल्या की लेप्टिन घटतं आणि मेंदू समजतो, दुष्काळ पडला. ज्यांच्या पूर्वजांनी खरोखरचे दुष्काळ काढले, त्यांच्या शरीराने असं समजावं यात नवल नाही. मेंदूला डाएट कळत नाही.

खर्च घटतो, पण त्याहून किती तरी मोठी अडचण भुकेची आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

भूक मोजायची कशी? माणसाला 'किती खाल्लंस' विचारलं तर उत्तर भरवशाचं नसतं. डाएटवर असलेला माणूस तर मनाला आवरूनच खात असतो. हॉल यांच्या गटाला यावर एक सुरेख वाट सापडली. मधुमेहाचं एक औषध आहे, कॅनाग्लिफ्लोझिन. ते घेतलं की रोज सुमारे ९० ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते, म्हणजे ३६० कॅलरी. रुग्णाला हे जाणवत नाही. तो डाएट करत नसतो, फक्त गोळी घेतो. एक वर्ष चाललेल्या चाचणीत या रुग्णांचं वजन सुरुवातीला उतरलं आणि साधारण चार किलो उतरून थांबलं. साखर तर रोज जातच होती, मग थांबलं का? कारण ते नकळत जास्त खाऊ लागले होते. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी ठरवलंही नव्हतं. गणित मांडल्यावर निघालं की वजन एक किलो घटलं की भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते. खर्चातली घट किलोमागे २० ते ३० कॅलरींचीच असते. म्हणजे भुकेचा जोर तिपटीहून जास्त.

दहा किलो उतरवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे मांडून बघा. त्याचं शरीर पूर्वीपेक्षा दिवसाला हजार कॅलरी जास्त मागतंय आणि दोन-तीनशे कमी खर्च करतंय. तो रोज सकाळी उठून या मागणीला नाही म्हणतो, रात्री झोपेपर्यंत म्हणत राहतो, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. मेलबर्नमध्ये प्रिया सुमित्रन आणि जोसेफ प्रोएट्टो यांनी ५० जणांचं वजन दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहाराने उतरवलं. वर्षभराने पाहिलं तरी भूक चेतवणारं ग्रेलिन चढलेलं, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं घटलेली, आणि माणसं सुरुवातीपेक्षा जास्त भुकेली. मावशी मला एकदा म्हणाली होती, "जेवून हात धुतले तरी ताटावरून उठल्यासारखं वाटत नाही गं." तेव्हा मी तिला पाणी पी म्हटलं होतं. त्याची मला आज लाज वाटते.

'चाळिशी उलटली की चयापचय मंदावतो' हे कारणही मावशीला अनेकांनी दिलं. हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवरून दाखवलं की शरीराच्या आकारमानाचा हिशोब केल्यावर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास तसाच राहतो. ते कारण बाजूला ठेवायला हरकत नाही.

मग कुणाचंच टिकत नाही का? टिकतं. रेना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत अशा लोकांची एक नोंदवही सुरू केली. निदान १३.६ किलो उतरवून ते किमान वर्षभर टिकवलेल्यांनाच तीत जागा. आज तीत दहा हजारांहून जास्त नावं आहेत. त्यांनी सरासरी ३० किलो उतरवून साडेपाच वर्षं टिकवलं आहे. वजन उतरवण्याची प्रत्येकाची वाट वेगळी होती, पण टिकवण्याच्या सवयी बऱ्याच सारख्या निघाल्या. दर दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतेक चालतात. चारांतले तीन जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. हे स्वतःहून नाव नोंदवलेले लोक आहेत, त्यामुळे सगळ्यांना हेच लागू पडेल असं कुणी समजू नये. पण त्या १४ स्पर्धकांच्या पुढच्या अभ्यासातही हेच दिसलं. ज्यांचं वजन बरंच टिकलं त्यांची हालचाल स्पर्धेआधीच्या तुलनेत १६० टक्क्यांनी वाढलेली होती, ज्यांचं परत आलं त्यांची ३४ टक्क्यांनी. टिकवणाऱ्यांची वाढलेली हालचाल म्हणजे दिवसाला साधारण ८० मिनिटं भरभर चालण्याइतकी. दोन घरं, नोकरी आणि सासूबाईंचं आजारपण सांभाळणाऱ्या बाईला ही ८० मिनिटं कोण देणार, हा प्रश्न मला त्या आकड्याहून मोठा वाटतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबीचा, अशी आपली भारतीय ठेवण. त्यामुळे आपल्याला मधुमेह कमी वजनातच गाठतो. पण याची दुसरी बाजू अशी की थोडं वजन उतरलं तरी उपयोग होतो. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत शरीराच्या ७ टक्के वजन उतरवण्याचं उद्दिष्ट होतं. २००२ मध्ये निकाल आला तेव्हा आहार-व्यायामाच्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं. पुढे बऱ्याच जणांचं वजन पुन्हा वाढलं. तरी १५ वर्षांनीही त्या गटात मधुमेह २७ टक्क्यांनी कमीच होता. परत वाढलेलं वजन म्हणजे केलेलं सगळं वाया, असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा मुद्दाम ऐकवते.

नव्या औषधांबद्दल आता घरोघरी बोललं जातं. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करतात, म्हणजे नेमका भुकेवरच हात घालतात. २०२१ च्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं. टिर्झेपाटाइडच्या मोठ्या मात्रेने २० टक्क्यांच्या पुढे. २०२५ पासून दोन्ही वजनासाठी भारतातही मिळतात. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास होतात, वजनाबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नयेत. पण मला सेमाग्लुटाइडच्या चाचणीचा पुढचा भाग जास्त बोलका वाटतो. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. या लोकांना कुणी आळशी म्हणणार का? रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब चढतो, तेव्हा आपण रुग्णाला बोल लावत नाही. गोळी पुन्हा सुरू करतो.

मावशी आता आधीच्या वजनापेक्षा ११ किलो खाली आहे. तिच्या डॉक्टरांनी हे वजन 'परत आलेलं' धरून मोजण्याऐवजी 'टिकलेलं' धरून मोजायला सांगितलं, त्या दिवशी ती घरी येऊन रडली. दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी ती काट्यावर उभी राहते आणि कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहिते. दोन किलो वर गेलं तर लपवत नाही, डॉक्टरांना फोन करते. अजिंक्यताऱ्याचा चढ चालूच आहे, मात्र आता आठवड्यातले चार दिवस, कारण गुडघा दुखतो. मागच्या महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी तिने नवा ब्लाउज टाकला. टेलरनी विचारलं, माया किती ठेवू. ती म्हणाली, दोन्ही कुशींना दोन-दोन बोटं.