फाएथॉनची तीन रेखाचित्रे आणि एका नावाचा घोळ

फाएथॉनची गोष्ट रोमन कवी ओव्हिडमुळे सगळ्यांना ठाऊक आहे: सूर्यदेवाचा हा मुलगा बापाचा रथ हाकायला घेतो, घोडे आवरत नाहीत आणि देवांचा राजा झ्यूस वीज टाकून त्याला खाली पाडतो. रथ कोसळण्याचा प्रसंग रोमन शवपेट्यांवरही कोरलेला सापडतो. अशी एक पेटी तेव्हा रोममधल्या अराचेली चर्चपाशी होती. तिच्यावर सगळी झुंबड आडवी पसरलेली. १५३३ मध्ये मायकेलअँजेलोने ती उभ्या कागदावर आणली: वर गरुडावर बसलेला झ्यूस, मध्ये चार घोड्यांसह कोसळणारा मुलगा, खाली नदीदेव, फाएथॉनच्या रडणाऱ्या बहिणी आणि हंस.

ही चित्रे तोमाझो काव्हालिएरी या तरुण रोमन सरदारासाठी होती. आज तीन कागद उरले आहेत, लंडन, व्हेनिस आणि विंडसरला. तिन्हींचे माध्यम काळा खडू, म्हणजे खाणीतला काळा मऊ दगड, कोळसा नव्हे. लंडनचा कागद सुमारे ३१ × २२ सेंमी, विंडसरचा ४१ × २३. लंडनच्या कागदावर तळाशी चित्रकारानेच लिहिले आहे: हे कच्चे रेखाटन आवडले नाही तर नोकराला सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत दुसरे करतो, आवडले आणि पूर्ण करून हवे असेल तर परत पाठवा. व्हेनिसच्या कागदावरही परत पाठवण्याचीच भाषा आहे. विंडसरच्या चित्रात मात्र खडूच्या अगदी बारीक स्पर्शांनी अंगांना गोलाई आणलेली आहे.

आता नाव. विसाव्या शतकात अभ्यासकांनी अशा चित्रांसाठी ‘प्रेझेंटेशन ड्रॉइंग’ हा शब्द रूढ केला: कुणाला भेट द्यायला केलेले, स्वतःच पूर्ण असलेले चित्र. आपल्याकडे हाच शब्द आर्किटेक्टच्या ऑफिसात ग्राहकाला दाखवायच्या नकाशाला वापरतात, त्यामुळे घोळ वाढतो. मराठीत ‘भेटचित्र’ म्हणावे, पण तेही विंडसरच्या कागदालाच नीट बसते. ज्या कागदावर चित्रकार स्वतः ‘कच्चे’ म्हणतो, त्याला भेटचित्र कसे म्हणायचे? शिवाय सोळाव्या शतकातल्याच चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की ही चित्रे काव्हालिएरीला चित्रकला शिकावी म्हणून दिली होती. भेट की धडा, यावर अजून एकमत नाही. कागद इतके जात-येत होते की एकच शब्द सगळ्यांवर चिकटवणे हा आळस आहे.

काव्हालिएरीसाठीच केलेले टिटियसचे चित्र पाहा; टिटियस हा ग्रीक पुराणातला, पक्ष्याने काळीज टोचण्याची शिक्षा झालेला राक्षस. पुढच्या बाजूला खडकावर आडवा पडलेला टिटियस आणि त्याच्यावर झेपावलेला पक्षी. कागद पलटला की त्याच अंगाची रेषा मागून गिरवलेली दिसते. कागद उभा धरला की आडवा पडलेला राक्षस कबरीतून उठणारा येशू होतो! भेट म्हणून जपायच्या कागदावर कुणी असे काम करीत नाही. तो तेव्हा चित्रकाराच्या टेबलावरचाच कागद होता.

सप्टेंबर १५३३ पर्यंत पोप आणि एका कार्डिनलने, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्याने, ही चित्रे पाहिली होती. कार्डिनलने स्फटिकात कोरून घ्यायला टिटियस आणि गॅनिमीड (झ्यूसच्या गरुडाने उचलून नेलेला मुलगा) ही चित्रे नेली. फाएथॉन तेवढा कसाबसा वाचवला, असे काव्हालिएरी कळवतो. पुढे तोही स्फटिकात उतरलाच. स्फटिकात चित्र मागून खोदतात आणि गुळगुळीत बाजूने पाहतात, म्हणून खोदताना डावे-उजवे उलटे धरावे लागते. त्यावरून घेतलेला ठसा पुन्हा उलटतो. छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर चित्र सरळ खोदले तर छापही उलटाच येतो. त्यामुळे फाएथॉनच्या एखाद्या जुन्या प्रतीत घोडे उलट्या दिशेला दिसले, तरी तेवढ्यावरून ती कशावरून उतरवली हे ठरवता येत नाही.