रेडिएटरचं झाकण गेलंय की हेड गॅस्केट?

घाटात टेंपरेचरचा काटा वर चढतो, बॉनेटमधून वाफ येते, कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली उतू जाते. गॅरेजवाला लांबूनच सांगतो, "हेड खोलावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो खालच्या भागावर बसतो तिथलं सील म्हणजे हेड गॅस्केट. हेड खोलावं लागेलही कदाचित. पण हीच लक्षणं काहीशे रुपयांच्या झाकणामुळेही दिसतात. म्हणून आधी बघायचं ते एवढंच, की पाण्यावरचा दाब टिकत नाहीये की नको तिथून येतोय.

झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे, त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. तो साधारण 1 बार दाब धरून ठेवतो, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग सैल झाली किंवा रबर चिरलं, की तेच पाणी 100 लाच उकळतं. चढावर इंजिन तेवढं सहज तापतं. सपाटीवर मात्र गाडी शहाण्यासारखी चालते. झाकणाच्या कडेला कूलंटचा वाळलेला थर दिसतो. गाडी गार झाल्यावर होज पाईप चपटा पडला असेल, तर झाकणातला आत हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय.

गॅस्केट फुटलं की सिलिंडरमधला जळका वायू थेट पाण्यात घुसतो. तो इंजिन तापायची वाट बघत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा आणि पंखा-बेल्टपासून हात लांब ठेवून वरचा होज दाबा. एक-दोन मिनिटांतच तो कडक झाला, तर गडबड हेडमध्येच. बाटलीत बुडबुडेही येत राहतात. (नुकतंच कूलंट भरलं असेल तर अडकलेली हवा निघते, पण ते बुडबुडे थांबतात.) पेट्रोल गाडीत ब्लॉक टेस्ट (कूलंटवरच्या हवेत जळका वायू आहे का, याची तपासणी) करून घ्या: तिच्यातलं निळं द्रव पिवळं पडलं, की शंका संपली.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळच गाडी फिरवली तरी ती जमते. डिपस्टिकवरही (ऑइल मोजायच्या सळईवर) ऑइल दुधाळ दिसलं, तर मात्र ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं असू शकतं; गाडी सुरूच करू नका.

गंमत म्हणजे एकातून दुसरं होतं. खराब झाकणाने तापलेली गाडी तशीच दामटली, तर हेड वाकतं आणि गॅस्केटही जातं. हेड खोललंच, तर फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवण्याआधी सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून बाक तुमच्यासमोर मोजायला सांगा.