१९२ हा घेर, २४ ही खोली

साउंड कार्डच्या खोक्यावर '२४ बिट / १९२ किलोहर्ट्झ' असं ठळक छापलेलं असतं. आपण दोन्ही आकडे एका दमात वाचतो आणि मोठे आकडे म्हणजे चांगलं कार्ड असं धरून चालतो. गाणी ऐकण्यापुरतं ते चालूनही जातं. पण हौशी रेडिओवाल्यांच्या सॉफ्टरॉकसारख्या छोट्या रिसीव्हरमधून निघणारे आय आणि क्यू सिग्नल (एकाच सिग्नलच्या ९० अंशांनी सरकलेल्या दोन प्रती) कार्डात घालून एचडीएसडीआर या प्रोग्रामच्या पडद्यावर रेडिओ बँड बघायचा असेल, तर विहिरीचा घेर आणि विहिरीची खोली यांत जेवढा फरक, तेवढाच या दोन आकड्यांत.

घेर म्हणजे सॅम्पल रेट, कार्ड सेकंदाला किती वेळा सिग्नल मोजतं तो आकडा. आय-क्यूची जोडी असल्यामुळे ४८ किलोहर्ट्झ रेटला पडद्यावर ४८ किलोहर्ट्झचाच पट्टा दिसतो, मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना २४-२४. आपल्याकडचा हौशी रेडिओचा ४० मीटर बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २०० किलोहर्ट्झचा. ४८च्या कार्डात त्याचा जेमतेम पाव भाग मावतो, १९२च्या कार्डात जवळजवळ सगळा. मात्र रेट वाढवला की शेजारशेजारचे दोन सीडब्ल्यू (मोर्स) सिग्नल जास्त सुटे दिसतील, हा गैरसमज आहे. ती बारकाई एफएफटीच्या (सिग्नल फ्रिक्वेन्सीच्या कप्प्यांत वाटणाऱ्या गणिताच्या) आकारावर ठरते. ४०९६चा एफएफटी ९६ किलोहर्ट्झला सुमारे २३ हर्ट्झचे कप्पे पाडतो. तोच १९२ला लावला तर कप्पे दुप्पट रुंद होतात, चित्र उलट ढोबळ होतं.

खोली मात्र बिटांची: सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात क्षीण सिग्नलमधलं किती अंतर कार्डात मावतं ती. एका बिटाला साधारण ६ डेसिबल, म्हणजे बरोबर एक एस-युनिट (रेडिओच्या सिग्नल-मीटरची एक पायरी), त्यामुळे हिशेब सोपा जातो. १६ बिटांना कागदावर ९८ डेसिबल, २४ला १४६. पण १४६ फक्त कागदावरच. चांगल्या कार्डांची खरी मजल १०० ते ११५ डेसिबलपर्यंत, म्हणजे १७ ते १९ बिट. उरलेले बिट कार्डाची स्वतःची खरखर इमानेइतबारे मोजत बसतात.

ही खोली लागते कुठे? संध्याकाळी ७.२००च्या वर प्रसारण केंद्रं दणदणीत येतात. रुंद रिसीव्हरला ती टाळता येत नाहीत. सगळ्यात मोठा सिग्नल कापला जाऊ नये म्हणून लेव्हल खाली घ्यावी लागते, आणि मग क्षीण स्टेशन तळाशी जातं. तळ उथळ असेल तर ते दिसतच नाही. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत खोचायचा रिसीव्हर) याचं टोकाचं उदाहरण: २.४ मेगाहर्ट्झचा घेर, पण खोली ८ बिट. घेर तळ्याचा, खोली डबक्याची!

माझं मत विचाराल तर या दोन्ही आकड्यांच्या आधी इनपुट स्टिरिओ आहे का ते बघा. बऱ्याच लॅपटॉपांच्या आणि स्वस्त यूएसबी कार्डांच्या माइक-इनला एकच चॅनेल असतो. मग आय आहे, क्यू नाही. मध्यापासून १० किलोहर्ट्झ वरचं स्टेशन १० किलोहर्ट्झ खालीही तितक्याच ऐटीत उभं दिसतं. स्टिरिओ लाइन-इन असलं तरी दोन चॅनेलांत ०.१ डेसिबल आणि १ अंशाचा फरक पडला की ही प्रतिमा फक्त ४० डेसिबलच दबते. आणखी एक पाचर: खोक्यावरचे १९२ पुष्कळदा ऐकवण्याच्या बाजूचे असतात. रेकॉर्डिंगचा रेट वेगळा छापलेला असतो, बारीक अक्षरात.

फक्त एफटी८ (संगणकाच्या मदतीने छोटे डिजिटल संदेश पाठवायचा प्रकार) करायचं असेल तर हा सगळा खटाटोप सोडून द्या. रेडिओच्या स्पीकरमधून येतो तो ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा ऑडिओ. एफटी८चा प्रोग्राम डब्ल्यूएसजेटी-एक्स तो ४८ किलोहर्ट्झला घेतं आणि पुढे १२वर आणून वापरतं. साधं कार्ड पुरतं, एक चॅनेल असला तरी.

आय-क्यूवाल्यांनी नवीन कार्ड घ्यायच्या आधी असलेल्या कार्डावर एक गोष्ट करून बघावी. अँटेना काढा, पडद्यावरचा तळ, म्हणजे खरखरीची पातळी, कुठे आहे ते पाहा. अँटेना परत लावा. तळ १० डेसिबल किंवा जास्त वर उचलला गेला, आणि प्रसारण केंद्रांच्या वेळेतही क्लिपिंगचा लाल दिवा लागत नसेल, तर खोली पुरेशी आहे. तिथे वाढीव बिट घेऊन दिसणार काय, तर बँडचाच गोंगाट. घेर अपुरा वाटत असेल तर तेवढ्यासाठी खुशाल पैसे घाला.