प्रिंट अडकली? पुन्हा बटण दाबू नका

जुलैत पीकविम्याची गर्दी, दारात कास्तकार उभे, आणि नेमकी तेव्हाच प्रिंट निघत नाही. मग आपण पुन्हा दाबतो. आणखी एकदा दाबतो. थोड्या वेळाने प्रिंटर जागा होतो आणि एकाच सातबाऱ्याच्या सहा प्रती भसाभस बाहेर!

होतं असं की तुम्ही दिलेली प्रिंट आधी कॉम्प्युटरमध्येच रांगेत लागते. प्रिंटर बंद असला तरी ती तिथे वाट पाहत बसते. प्रिंट आली नाही तर घड्याळाजवळ प्रिंटरचं बारकं चित्र दिसेल, त्यावर डबल क्लिक करा, रांग उघडते. सगळ्यात वरचं काम अडलं असेल तर राइट क्लिक करून कॅन्सल करा. जिनिंगच्या फाटकात कापसाची एक गाडी फसली की मागच्या सगळ्या थांबतात, तसंच हे. तीन कॉम्प्युटर एकाच प्रिंटरला जोडले असतील तर तिघांच्या रांगा वेगळ्या असू शकतात, तिन्हीकडे पाहा.

'डिलीटिंग' असं दाखवून काम तिथेच चिकटलं, तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' (ही रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा आणि परत सुरू करा. बहुतेक वेळा एवढ्याने सुटतं.

आता प्रिंटर चालू असूनही कॉम्प्युटर 'ऑफलाइन' दाखवतो, त्याचं. लाईन जाऊन आली की राऊटर प्रिंटरला नेटवर्कवरचा नवा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) देऊ शकतो. काल १९२.१६८.१.५ होता, आज १९२.१६८.१.८. कॉम्प्युटर मात्र जुन्याच दारावर थापा मारत बसतो. प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्कच्या माहितीचा कागद काढा आणि त्यावरचा पत्ता कॉम्प्युटरमधल्या पत्त्याशी ताडून पाहा. नव्या जोडणीत आम्ही, म्हणजे तुमचा प्रिंटर जोडून देणारे, राऊटरमध्येच हा पत्ता पक्का करून देतो. जुनी जोडणी असेल तर सांगा, एकदाच करायचं काम आहे.

लाईट लुकलुकतो आणि प्रिंटर कागद मागतो, ट्रे तर भरलेला? फाइलमध्ये कागद 'लेटर' निवडलेला असेल, तो 'ए४' करा.

राऊटर छोट्या यूपीएसवर ठेवा. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. पावडर कागदावर वितळवणारा भाग तापताना एकदम करंट ओढतो आणि यूपीएस झोपतो.

फोन करण्याआधी स्क्रीनवर काय लिहून आलं त्याचा फोटो पाठवा. वीस किलोमीटर गाडी हाणत यायचं आणि 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वरची टिक काढून परत जायचं, त्याचे पैसे मागायला आम्हालाही जिवावर येतं.