घोड्याच्या पोटातला उघडा नळ

'सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पोटभर चंदी (धान्याचा खुराक) टाकली की घोडा खूश' असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, आणि घोडं पेंड खातं ते नेमकं इथेच. हा हिशोब माणसाच्या पोटाचा झाला. आपल्या जठरात ॲसिड मुख्यतः जेवताना वाढतं, घोड्याच्या जठरात ते चोवीस तास पाझरतं, खाणं असो नसो, नळ उघडाच! मोकळा घोडा दिवसाचे १४ ते १८ तास चरतो, त्यामुळे नळ बंद करायची वेळच त्याच्यावर आली नाही.

आता गंमत बघा. हे ॲसिड मारणारा बायकार्बोनेट लाळेत असतो आणि आपल्याला नुसत्या वासाने तोंडाला पाणी सुटतं तसं घोड्याचं नाही, चावलं तरच लाळ. गवत तो तासन् तास चावतो, दिवसाला ३५-४० लिटर लाळ गिळतो, चंदी मात्र बघता बघता फस्त. त्यात जठर लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचं, आणि त्याच्या वरच्या भागाला म्युकसचं (चिकट, संरक्षक थराचं) अस्तरच नाही. पोटात गवत असलं की त्याचा जाड थर ॲसिडला वर उसळू देत नाही. पोट रिकामं असताना पळवलं की ॲसिड सरळ वर उडतं, मग अल्सर. म्हणून फिरवायला न्यायच्या आधी थोडं गवत द्यावं.

एकदम जास्त धान्य दिलं तर वेगळीच भानगड. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मागे सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) जातो, तिथे लॅक्टिक ॲसिड बनतं, पीएच घसरतो, गवत पचवणारे जीवाणू मरतात, त्यांचं विष रक्तात जातं आणि खुराच्या आतले पापुद्रे सुजतात, तो लॅमिनायटिस. पोटशूळही उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. अशा वेळी नजर काढत बसू नका, डॉक्टरला बोलवा. 'पोट साफ' करणाऱ्या महागड्या पावडरींच्याही नादी लागू नका, आधी गवत पुरतंय का बघा.

५०० किलोच्या घोड्याला रोज साधारण ७.५ ते १० किलो वाळलेलं गवत लागतं, तेही दिवसभर विभागून. चंदी एका वेळी २ किलोच्या आत, रोज त्याच वेळेला, कारण वेळ टळली की साहेब दारावर लाथा घालतात. खाणं बदलायचं तर ७ ते १४ दिवसांत हळूहळू, जीवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो. आणि रात्रीचं विसरू नका, सगळ्यात लांब उपास तेव्हाच घडतो, बारीक भोकांच्या जाळीत गवत भरून टांगलं की घोडं पुरवून पुरवून खातं बिचारं.