हृदयातली गाठ: एकोच्या आधी आणि नंतर

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत हृदयरोगतज्ज्ञाकडे गेलं की टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जवळपास ठरलेलीच. धाप लागते म्हणून गडचिरोलीकडून आलेला पेशंट डाव्या कुशीवर निजतो, छातीवर गार जेल लागतं आणि क्वचित कधी पडद्यावर डाव्या वरच्या कप्प्यात करडा गोळा दिसतो. देठाला लटकलेला, दर ठोक्याला डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेतून खाली उतरणारा नि परत वर जाणारा. हा बहुतेक वेळा मिक्सोमा, म्हणजे हृदयातच वाढलेली गाठ. कॅन्सर नव्हे, पण तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा.

अशा गाठी पूर्वीही होत्याच, कळायच्या मात्र शवविच्छेदनात. मिक्सोमा मायट्रल झडप आखडल्याचं हुबेहूब सोंग घेतो: तीच धाप, स्टेथोस्कोपमध्ये तसाच आवाज. र्‍हुमॅटिक तापाने झडपा गेलेले पेशंट आपल्याकडे इतके, की गाठीची शंका यावी तरी कशी? एक्स-रेत हृदयाची फक्त बाह्यरेषा दिसते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रक्तात एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून काढलेल्या अँजिओग्राफीत गाठ जिवंतपणी दिसू लागली, पण त्या तपासणीतही धोका होताच.

स्वीडनमधल्या लुंडचे हृदयरोगतज्ज्ञ एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र हृदयावर लावलं. एडलरना बघायची होती मायट्रल झडपच. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये सर्जन क्राफोर्डनी हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं सांभाळणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या आधारे मिक्सोमा काढला, आणि १९५९ मध्ये जर्मनीत एफर्ट व डोमानिग यांनी तो एकोवर टिपला. म्हणजे झडपेसाठी आलेल्या यंत्राने झडपेचं सोंग उघडं पाडलं. तेव्हा पडद्यावर नुसत्या रेघा. हलतं चित्र १९७०च्या दशकातलं.

गाठ दिसणं आता सोपं झालं आहे. खरी पंचाईत ती गाठ आहे की रक्ताची गुठळी, ही. झडप आखडलेल्या पेशंटच्या त्याच कप्प्यात गुठळीही होते. इथे एमआरआय कामाला येतो: गाठीला रक्तपुरवठा असतो म्हणून ती शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उठून दिसणारं औषध) घेते, गुठळी सहसा घेत नाही. शिवाय हृदयात दुसरीकडून पसरलेला कॅन्सर मूळच्या गाठींपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून कॅन्सरच्या पेशंटमध्ये पेट-सीटी, म्हणजे अंगभर कॅन्सर शोधणारा स्कॅन, हाही लागतो.

देठ स्पष्ट दिसणारा मिक्सोमा असेल तर बरेच सर्जन एकोवरच ऑपरेशन ठरवतात, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. गुठळी ठरली तर आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या.