सुगरण पावसाची वाट का पाहते?

जून सरत आला की ठाण्याच्या वेशीवरच्या भातखाचरांलगत शिंदीला नाहीतर बाभळीला सुगरणींची घरटी लटकू लागतात. विणकाम सारं नराचं. त्याच्या शरीराची तयारी मात्र पहिल्या सरीच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

ही तयारी रक्तातून होते, याचा पहिला पुरावा 1849 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या आर्नोल्ड बर्थोल्ड या शास्त्रज्ञाने दिला. वृषणं काढलेला कोंबडा मलूल होतो, तुरा खुरटतो. त्यांनी वृषण त्याच कोंबड्याच्या पोटात दुसरीकडे बसवलं, मूळच्या मज्जातंतूंशी न जोडता. आणि कोंबडा पुन्हा आरवू लागला. म्हणजे निरोप मज्जातंतूंतून नव्हे, रक्तातून गेला होता. रक्तातून असा निरोप नेणाऱ्या रसायनाला 'हार्मोन' म्हणतात; हा शब्द तेव्हा जन्मायचाच होता.

पण ऋतू ओळखतं कोण? शरीर तापमानावरून ओळखतं, असं बहुतेकांना वाटे. 1924 च्या हिवाळ्यात कॅनडातल्या एडमंटनमध्ये विल्यम रोवन यांनी जंको पक्षी कडाक्याच्या थंडीतच उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि साध्या बल्बांनी त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला. ऐन हिवाळ्यात त्यांची वृषणं वसंतातल्यासारखी वाढली! माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग हाच, आणि खर्चही नगण्य. पुढे फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवर दाखवलं की डोळे नसले तरी उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. तिथे, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात, लांब दिवस थायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनला सक्रिय रूप देतो, हे 2003 मध्ये जपानी संशोधकांना लाव्यात सापडलं. मग मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला आदेश जातो आणि तिच्या हार्मोन्समुळे प्रजननग्रंथी फुगतात. छोट्या पक्ष्यांत ही वाढ शेकडो पटींची असते. हंगाम संपला की त्या पुन्हा आकसतात.

एडमंटनला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सतरा तासांचा, हिवाळ्यातला सर्वांत लहान साडेसात तासांचा. ठाण्यात हा फरक जेमतेम सव्वादोन तास. सुगरणीचं शरीर एवढ्यावरही जागं होतं, पण उजेड तिला फक्त उंबऱ्यापर्यंत आणतो. विणायला गवताच्या नाहीतर भाताच्या लांब हिरव्या पात्या हव्यात, पिलांना किडे हवेत. दोन्ही पावसाच्या हाती. ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) तर पावसाच्या तोंडावर निघूनच जातात. कच्छच्या रणातली त्यांची वीण पाण्यावर अवलंबून; रण पुरेसं भरलं नाही, तर त्या वर्षी तिथे घरटी होत नाहीत.